चामटीचा अधिकृत इतिहास

प्रवरेकाठच्या बेलापूरच्या आबा चामटीवाल्यांनी मला चामटीचा इतिहास निदान चाळीस वेळा सांगितला असेल, पण एकदा सांगितलेला पुन्हा कधी सांगितला नाही. शिळा माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं आणि ते त्यांनी गोळ्यांपेक्षा इतिहासाच्या बाबतीत जास्त कसोशीनं पाळलं. मी संगमनेरच्या एका कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला. साधनं, पुरावे आणि तळटीपा यांवर माझं घर चाललं. अशा माणसाला नेमकं आबांच्या गावात जन्माला घालणाऱ्या देवाला थट्टेची आवड असली पाहिजे.

ज्यांचं बालपण चामटीवाचून वाया गेलं त्यांच्यासाठी सांगतो. चामटी म्हणजे गुळाची, भरड शेंगदाण्याची, करंगळीच्या पेराएवढी गोळी. ती विरघळत नाही, फुटत नाही आणि गिळण्याचं तर नावच काढू नका. ती फक्त चघळायची. गणिताच्या तासाला तोंडात टाकलेली चामटी भूगोलाच्या तासाला संपायची आणि मधल्या काळात गुरुजींनी काहीही विचारलं तरी सगळा वर्ग नम्रपणे माना हलवायचा. आमच्या शाळेची शिस्त तालुक्यात नावाजलेली होती. गोळी जुन्या वह्यांच्या कागदात गुंडाळलेली असायची आणि तो कागद पुरता कधी सुटायचा नाही. त्यामुळे माझ्या पिढीच्या पोटात दुसऱ्या कुणाचा तरी गृहपाठ आहे. स्वतःचा मात्र फारसा कुणी केला नाही.

दुकान वेशीजवळ होतं, म्हणजे एक खोली आणि तिच्या मधोमध फुलाफुलांचा पडदा. पडद्याबाहेर आबा, पडद्याआड जिजी. जिजी म्हणजे आबांची बायको. गूळ वितळवणं, पाक ओळखणं, शेंगदाणे भाजणं, भरडणं, तापलेला गोळा तूप लावलेल्या हातांनी ओढून त्याच्या लांब दोऱ्या करणं आणि कात्रीनं तुकडे पाडणं, एवढंच काय ते जिजींकडे होतं. बाकी सगळा भार आबांवर. ते पांढरी टोपी घालून स्टुलावर बसत आणि बोलत.

गिऱ्हाईक पुडी घेऊन सटकायला लागलं की आबा त्याला डोळ्यांनीच थांबवत. चामटी उभ्या उभ्या तोंडात टाकून घोळवायची आणि ती मऊ होईतोवर तिची हकीकत ऐकायची, असा रिवाज होता. कुणी एसटी चुकेल म्हणून चुळबुळ केली तर ते शांतपणे म्हणत, "ज्याला घाई हाय त्यानं लिमलेट खावी." दुकानात लिमलेटची गोळी ठेवलेली नसायची, हे वेगळं सांगायला नको.

हकीकत कोणती, ते त्या दिवसावर अवलंबून. कधी चामटी निजामशाहीच्या मुदपाकखान्यातून आलेली असे. कधी एका गोऱ्या साहेबाची कवळी तिच्यात रुतून बसलेली असे आणि त्या रागापायी त्यानं म्हणे दौंड-मनमाड रेल्वे गावापासून लांब नेली. कधी कोपरगावच्या बाजूच्या एका बैराग्यानं गोदावरीच्या काठावर आबांच्या आजोबांच्या कानात कृती सांगितलेली असे. खोटं फारच हाताबाहेर गेलं की पडद्याआडून उलथनं कढईवर आपटल्याचा आवाज येई. मग आबा दोनशे वर्षं कमी करत आणि पुढे चालू लागत.

मी प्राध्यापक झालो तरी आबांसाठी मास्तरच राहिलो. एकदा मी त्यांना सुनावलं की, गेल्या महिन्यात तुम्ही बैरागी म्हणाला होतात आणि आज साहेब म्हणताय. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं, की तसं मी नापास मुलांकडेही कधी पाहिलं नसेल. म्हणाले, "मास्तर, तुमी एकच इतिहास तीस वर्सं शिकवला. पोरं झोपली का न्हाई? आता सांगा." पोरं झोपत होती हे खरंच होतं.

ही सगळी मौज अशीच चालली असती, पण आबांची नात प्राजक्ता अन्न तंत्रज्ञान शिकून आली आणि चामटी पुण्या-मुंबईला न्यायची असं तिनं ठरवलं. हल्ली लोक नुसती गोळी खात नाहीत. तिच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला 'आमची गोष्ट' लागते. साठ शब्दांत. प्राजक्ता गोष्ट लिहून घ्यायला माझ्याकडे आली आणि एक अट घालून गेली. ती म्हणाली, "सर, साठ वर्षं जिजीनं भट्टीपुढे काढली. आबांनी आजवर एकाही गोष्टीत तिला घेतलेलं नाही. पाकिटावर तिचं नाव यायला हवं, आणि ते आबांच्या तोंडून यायला हवं. त्यांच्या हयातीत." आबा तेव्हा शहाऐंशीचे होते. दम लागायचा, पाय सुजायचे. हयातीत या शब्दाचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

मी वही घेऊन गेलो. एका दुपारी आबांनी मला तीन इतिहास दिले, तिन्ही परस्परांना खोटं पाडणारे. मी शेवटी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं की, या सगळ्यात जिजी कुठे आहेत? आबांनी बरणीत हात घातला, एक चामटी काढली, कागद जमेल तेवढा सोडवला आणि गोळी तोंडात टाकली. तोंडात चामटी असलेल्या माणसाला बोलता येत नाही, ही वैज्ञानिक अडचण मला ठाऊक होती. मी अर्धा तास बसलो. आतून उलथन्याचाही आवाज आला नाही. त्या दिवशी मला आबांचा पहिल्यांदा खरा राग आला. इतकी वर्षं बाईच्या हातचं विकलं आणि साठ शब्दांतला एक शब्द तिला देववत नाही, असं मनात म्हणतच मी घरी आलो.

पुढच्या महिन्यात आबा गेले. साखरझोपेत, कुणालाही त्रास न देता. हा एवढा एकच प्रसंग त्यांनी न लांबवता उरकला.

दहाव्याला आम्ही प्रवरेच्या घाटावर जमलो. कावळा शिवेना. वाट बघता बघता माणसं आबांच्या आठवणी काढू लागली आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. गावातले शिंपी म्हणाले की, चामटी मुळात त्यांच्या आजोबांच्या कात्रीमुळे जन्मली, आबांनी हे फक्त त्यांना एकट्यालाच सांगितलं होतं. साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट म्हणाले, कसली कात्री, पाकाचं प्रमाण त्यांच्या वडिलांनी काढून दिलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई सहसा वाद घालत नाहीत. त्यांनीही पदर खोचून सांगितलं की, बाजारात चामटीला कुणी हात लावत नव्हतं, तेव्हा पहिली पुडी त्यांच्या आजोबांनी घेतली आणि चारचौघांत खाऊन दाखवली. बुद्धविहारात त्यांनी ही आठवण दोनदा भाषणात सांगितली होती. एका निवृत्त कंडक्टरच्या म्हणण्याप्रमाणे तर चामटी एसटीतच तयार झाली होती. आवाज चढले. या गडबडीत कावळा केव्हा शिवून गेला ते कुणी पाहिलंच नाही.

मी हसत होतो, पण ते फार टिकलं नाही. चामटीला चामटी हे नाव माझ्या पणजोबांनी दिलं, असं आबांनी मला लहानपणी विश्वासात घेऊन सांगितलं होतं. मी एवढा साधनांचा आणि पुराव्यांचा माणूस, पण खाद्यपरंपरेवरच्या एका चर्चासत्रात ते निबंधात घालून बसलो होतो. तळटीपेत लिहिलं होतं, 'मौखिक साधन, अत्यंत विश्वसनीय'. म्हणजे आबांनी गावातल्या प्रत्येकाला चामटीत एकेक वाटा देऊन ठेवला होता. शिंप्याला दिला, केमिस्टला दिला, माझ्या कधी न पाहिलेल्या पणजोबांनाही दिला. फक्त जिजींना दिला नाही. माझा राग घाटावरून घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

तेरावा झाल्यावर छापखान्यातून प्राजक्ताला फोन येऊ लागले. मी जिजींकडे गेलो. भट्टी थंड होती आणि पडदा एका बाजूला सारलेला होता, त्यामुळे दुकान एकदम उघडं वाटत होतं. जिजी शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "जिजी, आबांनी गावभर सगळ्यांना चामटीचा इतिहास सांगितला. तुम्हाला काय सांगितला होता?"

जिजींनी मान वर केली. "मला कशाला सांगतील, बाळा? मी हुते की तिथं."

मग त्यांनी कामातून हात न काढता सगळं सांगितलं. दुकान सासऱ्यांचं, आणि चिक्कीचं. सासऱ्यांचा स्वभाव तापट. बाईचा हात लागला की पाक फिरतो, अशी त्यांची समजूत, म्हणून भट्टीकडे फिरकायची सोय नाही. लग्नाला सहा महिने झाले असतील. सासरे नात्यातल्या लग्नाला गेले आणि दुकान पहिल्यांदाच आबांच्या हाती आलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. आबांनी मोठी कढई चढवली आणि दारात आलेल्या कुणाशी तरी गप्पा मारत बसले. जिजी घरातून दोनदा म्हणाल्या की, पाक अजून झाला नाही. आबा म्हणाले, झाला. शेंगदाणे घातले, ओट्यावर थापलं आणि सगळी चिक्की चामट निघाली. पुन्हा चुलीवर चढवावी तर शेंगदाणे करपणार. आबा भिंतीकडे तोंड करून बसले. वडील आले की दुकानातून हाकलणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मग जिजी भट्टीशी गेल्या. तो सगळा ऐवज नुसता ऊब देऊन मऊ केला, त्यातलेच शेंगदाणे लाटण्यानं भरडले, सुंठ आणि जायफळ घातलं, हाताला तूप लावून दोऱ्या ओढल्या आणि कपड्याच्या कात्रीनं तुकडे केले. वह्यांचे कागद आबांनी फाडले, तेवढा त्यांचा हातभार. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सगळी पाटी संपली.

"बाजाराला जाताना मी ह्यांना शपथ घातली," जिजी म्हणाल्या. "लोकं इचारतील, कुणी केलं, कुठनं आनलं. तुमी काईबी सांगा, पन माझं नाव घेऊ नका. मामंजींना कळलं तर मला माहेरी धाडतील. त्या दिवशी ह्यांनी स्टेशनावरच्या एका हलवायाचं नाव सांगितलं. मंग मामंजी हुते तवर मी रातचं चोरून करायची आन हे सांगतच गेले."

मी म्हणालो की, सासरे तर कधीच गेले, त्यालाही पन्नास वर्षं झाली असतील. त्यानंतर तुम्ही राजरोस भट्टीपुढे बसलात. तरीही?

जिजींचा हात पहिल्यांदा थांबला.

"शपथ मी घातली हुती. सोडवायची बी मीच हुती," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ह्यांना गंमत वाटती म्हनून सांगत्यात. त्यांना वाटायचं, मी अजून भेते. इतकी वर्सं मदी पडदाच हुता, त्याच्यात इचारायचंच राहून गेलं."

त्या रडल्या नाहीत. मला मात्र चष्मा पुसावा लागला. ज्या माणसाला मी साठ शब्दांसाठी कद्रू ठरवलं होतं, तो साठ वर्षं रोज नवं खोटं बोलून एक शब्द पाळत होता. प्राजक्तासाठी मी विचारलं की, आता तरी नाव लिहू ना? तेव्हा लक्षात आलं की, ते मला माहीतच नाही. जन्मभर जिजी म्हणत आलो.

"कौसल्या," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच नावाला किंचित लाजल्या. मी तिथेच बसून साठ शब्द लिहिले आणि वाचून दाखवले. सगळं खरं होतं. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत निर्दोष ऐतिहासिक लेखन असावं.

जिजींनी ऐकून घेतलं, पण चेहरा काही खुलला नाही.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन खाली ह्यांचं एखादं खोटं बी घाल, बाळा. न्हाईतर लोकं म्हनतील, ही चामटी आबांच्या दुकानातली न्हाई."