दोनदा खाली

आमच्या डोंगराळ नारिन गावच्या क्षयरोग दवाखान्यात झुराकान एजे सतरा वर्षं नोंदणीच्या खोलीत होती. मी शेजारच्या प्रयोगशाळेत. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई. थट्टामस्करी मात्र बरोबरीची.

शेवटच्या दोन वर्षांत तिच्या नजरेचा मधला भाग विझत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दारातून कोणी आलं की तिला त्याचे बूट दिसत, तोंड दिसत नसे. हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा रशियात गेला तो तिकडचाच झाला. घरी अंथरुणाला खिळलेली आई.

"कळलं तर मला घरी बसवतील, उमसुनाय," ती म्हणायची. "आणि घरी बसून काय करू? आईच्या कण्हण्याची नोंद ठेवू?"

मग आम्ही एक रीत बसवली. दुपारचा चहा झाला की मी थुंकी तपासणीच्या चिठ्ठ्या घेऊन तिच्याकडे जायची. मी नाव आणि निकाल वाचायची, ती संगणकात भरायची. माउसला ती हात लावत नसे, कारण पडद्यावरचा बाण तिला सापडतच नसे. सगळा फॉर्म बोटांत होता. टॅब सहा वेळा दाबला की निकालाच्या पर्यायांवर यायचं. तिथं वर्तुळं एकाखाली एक: 'निकाल बाकी', 'जंतू नाहीत', 'जंतू आहेत'. खालच्या बाणाची कळ एकदा दाबली की नाहीत, दोनदा दाबली की आहेत. पुन्हा टॅब, एंटर, पुढचा माणूस. डोळस बाईला जमणार नाही अशा वेगानं. मी चिठ्ठ्यांकडे बघायची, पडद्याकडे कधीच नाही.

मे महिन्यात वरच्या कार्यालयानं फॉर्म बदलला. 'जंतू नाहीत'च्या खाली एक नवं वर्तुळ घातलं: 'नमुना अपुरा'. तसा कागद भिंतीवर लागला होता. तो मी वाचला होता. उभ्या उभ्या, चहाचा पेला हातात घेऊन. वाचला आणि कामाला गेले. एजेला सांगायचं मनातही आलं नाही.

जूनच्या शेवटी मोठे डॉक्टर शारबेक बाइके (बाइके म्हणजे दादा) माझ्या दारात हसत उभे राहिले.

"काय ग, तुझे जंतू सुट्टीवर गेले की काय? महिनाभरात एकही रुग्ण नाही!"

माझ्या वहीत लाल पेन्सिलीनं लिहिलेली अकरा नावं होती.

मी धावत एजेच्या खोलीत गेले आणि पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. अकराच्या अकरा जणांपुढे 'नमुना अपुरा'. म्हणजे प्रत्येकाला सांगितलं गेलं होतं, महिन्यानं पुन्हा या. औषध कुणालाच नाही.

"एजे, एक वर्तुळ वाढलंय."

"कुठं?"

"मधे."

तिची बोटं कळांवरच होती. एक बोट उचलून तिनं हवेत दोनदा खाली दाबलं, थांबली, आणि तिसऱ्यांदा दाबलं. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, हात दुसऱ्याचे असल्यासारखे.

त्याच तासाला ती शारबेक बाइकेंकडे गेली. मी मागं होते. तोंड उघडणार तोच तिनं माझ्या पायावर पाय दिला.

"मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी एकटीनं लपवलं."

"एकटीनं? अगं, चिठ्ठ्या कोण वाचायचं?"

"भिंग आहे माझ्याकडे," ती म्हणाली. भिंग नव्हतं.

दहा जण चार दिवसांत सापडले. अकरावी गुलबार्चिन. ती नवरा आणि मुलीसह मेंढ्या घेऊन वर कुरणात गेली होती, जिथं फोन लागत नाही. बाइके आणि मी निघालो तेव्हा दवाखान्याच्या जीपमध्ये एजे न विचारताच चढून बसली. बाइके म्हणाले, "तू येऊन काय करणार?" ती म्हणाली, "तोंड दाखवणार."

तंबूत गुलबार्चिन कांबळ्यात गुंडाळून पडली होती, उशाशी रक्ताचे डाग पडलेलं फडकं. चार वर्षांची आयझिरेक तिला बिलगून, तापानं फणफणलेली. मान ताठ झाली होती. नवरा, कालमात, आम्ही कोण ते कळण्याआधीच कुमिसचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे भरू लागला. एजेनं वाडग्याला हात लावला नाही.

"भावा, तुझ्या बायकोचा निकाल मी चुकीचा भरला. ती महिन्यापूर्वीच औषधावर असायला हवी होती."

कालमातनं वाडगा खाली ठेवला. "मी विचारलं होतं तुमच्या खिडकीवर. दोनदा विचारलं. म्हणाले, नमुना अपुरा. मी हिलाच रागावलो, नीट थुंकता येत नाही का म्हणून."

मुलीला उचलून तो जीपकडे चालू लागला. उतरताना सात तास लागले. मुलगी मधूनमधून किंचाळायची, मग गप्प व्हायची. गप्प झाली की एजे तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

गुलबार्चिन वाचली. मुलीच्या मेंदूच्या आवरणापर्यंत रोग पोचला होता. तीही वाचली, पण कान गेले.

एजेला काढून टाकलं. चौकशीत तिनं शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही. शरदात मला राहवेना. मी बाइकेंना सगळं सांगितलं, भिंतीवरच्या कागदासकट. "फाईल बंद झालीय," ते म्हणाले. "दवाखान्यात थुंकी तपासणारी तू एकटी आहेस. जा, कामाला लाग."

एजे आता आईला घेऊन आत-बाशी गावाजवळ भावाकडे राहते, लोकर पिंजते. बाइकेंना खरं सांगितलं हे मी तिला सांगायला गेले तर माझ्यावरच उखडली.

"मूर्ख! एकीनं बुडून भागलं असतं ना?"

"कागद मी वाचला होता, एजे."

ती पिंजत राहिली. मग तिनं विचारलं, "पोरगी बोलते का अजून?"

"आधी शिकलेले शब्द बोलते."

"नवे?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग लक्षात आलं, तिला ते दिसणार नाही, आणि तोंडानं सांगावं लागलं.