पांढऱ्या ट्यूबचा हट्ट

लातूरच्या त्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मी वीस वर्षं माल घेतला, तोही दर वेळी भांडून. दिवा विकण्याआधी तो पेटवायचा, खाली तळहात धरून त्याचा रंग नीट दिसतो का बघायचा आणि मगच मान हलवायचा.

लेकीनं सासरी जाताना आपलं ऑर्किड माझ्या हवाली केलं. पुढं शेजाऱ्यानं मजला चढवला आणि खिडकीतलं ऊन गेलं. मी उन्हाऐवजी झाडांना लावतात तो जांभळा दिवा मागितला, तर चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "लई महाग हाय मालक. साधी पांढरी ट्यूब न्या."

"माझी ऐपत काढता?" मी भडकलो आणि नांदेडहून जांभळा दिवाच आणला. त्या उजेडात पानं पिवळी पडलेली मला दिसलीच नाहीत.

शेवटी पानं गळायला लागली, तेव्हा कुंडी घेऊन त्याच्याकडेच गेलो. त्यानं पांढऱ्या ट्यूबखाली मुळ्या निरखल्या. "हिरव्या हायत अजून, म्हंजी जीव हाय. पान कसं हाय ते दिसाया पायजे, म्हणून पांढरी म्हणलो." मी ट्यूबचा भाव करायला तोंड उघडलं, तसा तो म्हणाला, "आधी झाड जगू द्या, मग भांडा."

यंदा पाच फुलं आली. तो मात्र दुकान विकून देगलूरला गेलाय. चारचौघांत बोलल्याचा राग माझ्या मनात अजून आहे. नवा दुकानदार छापील किंमत सांगतो आणि मी मुकाट्यानं देऊन येतो.