खानारं कोन शे?

द्वारकाअक्का गिऱ्हाइकाला 'किती देऊ?' असं कधीच आधी विचारत नसे. सत्तूर हातात धरून ती समोरच्या माणसाकडे नीट बघायची आणि म्हणायची, "खानारं कोन शे?" नवा माणूस गोंधळायचा. मग अक्का फोड करून सांगायची, "घरमा म्हातारं शे का? धाकलं पोर शे का? कोनी बायंतीन शे का?" उत्तर ऐकून ती तुकडे केवढे करायचे, चरबी किती ठेवायची, नळी द्यायची की नाही हे ठरवायची. दात नसलेल्या सासऱ्यासाठी दोनदा बारीक केलेला खिमा, बाळंतिणीसाठी पाये, होस्टेलच्या पोरांसाठी मोठाले तुकडे. कारण, "त्यास्ले रांधता येत नही. बारीक दिधं ते लगदा करतीन."

अक्का माझ्या वडिलांची थोरली चुलतबहीण. धुळ्यात तिचं मटणाचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा भावकीने दुकान विकायचा सल्ला दिला. तिने तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. बाईच्या हातचं मटण घ्यायला पहिले काही महिने लोक कचरत होते म्हणे. मी तिच्याकडे राहायला आले तोवर रविवारी सकाळी तिच्या दुकानापुढची रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. तिचा मुलगा नाशिकला नोकरीला होता. तो सणासुदीला यायचा आणि दुकानात पाय ठेवायचा नाही.

मी शिरपूरची. बारावीनंतर धुळ्यातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि वडिलांनी मला अक्काच्या घरी आणून सोडलं. आमच्या घरात हा धंदा आजोबांनंतर कोणी केला नव्हता. अक्काने माझी ट्रंक आत ठेवली, हात पाहिले आणि म्हणाली, "कॉलेज दुपारनं शे ना? मंग सकाय मनी." म्हणजे माझी सकाळ तिच्या दुकानाची.

पहिले दोन महिने मी फक्त धुण्यापुसण्याचं काम केलं. पहाटे गनीभाई कत्तलखान्यातून कापलेले, शिक्का मारलेले बोकड घेऊन यायचे. गनीभाई अक्काच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचे. सोलणं, साफ करणं, आकड्याला टांगणं ही सगळी कामं त्यांची. फोडणं मात्र अक्काचं. दुकान बंद करताना चिंचेच्या ओंडक्यावर जाडं मीठ टाकून तो खरवडायचा, हे काम माझं. मग एके दिवशी तिने माझ्या हातात सुरी दिली आणि पुढचा पाय समोर ठेवला. मी जोर लावला. तिने सत्तुराच्या मुठीनेच माझ्या मनगटावर टोला दिला. "हाडले मारू नको. सांधाले ईचार." म्हणजे अंगठ्याने चाचपून सांधा कुठे हलतो ते शोधायचं आणि पातं तिथे सरकवायचं. नीट जमलं तर आवाज येत नाही. मला ते जमायला पुढचा पावसाळा उजाडला.

कॉलेजात माझ्या शेजारची मुलगी महिनाभराने दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिला वास येत होता. मी लिंबाने हात घासले, पावडर लावली, शेवटी घरी येऊन रडले. अक्काने मुलीचं आडनाव विचारलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "तिना बाप दर रईवारले आपला रांगमा उभा ऱ्हास. कलेजी लेस. त्याले सांगू का?" मला हसू आलं. तिला आलं नाही. ती खरोखरच विचारत होती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाची बशी वाजायची. मग ती स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागली. रिकामी बसली की उजवा हात पदराखाली घ्यायची. सत्तूर उचलला की हात स्थिर व्हायचा, निदान सुरुवातीला तरी. पुढे घाव सांध्याच्या बाजूला पडू लागले. हाड फुटायचं आणि त्याचे कपचे मटणात मिसळायचे. चांगल्या हाताच्या मटणात कपचा नसतो. ही तिचीच शिकवण.

मी पिशवी भरताना ते कपचे वेचायला लागले. बोटं फिरवायची, टोचलं की काढायचं, पायाशी टाकायचं. गनीभाईंनी ते पाहिलं. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा कामाला लागले. अक्काला हे कोण सांगणार? तिच्याजवळ त्या हाताशिवाय होतं काय? मला वाटायचं, मी तिला सांभाळून घेते आहे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तीन महिन्यांहून जास्त काळ हे चाललं.

एका रविवारी गर्दी फार होती. सोनगीरचे नाना आले होते. निवृत्त शिक्षक, कितीतरी वर्षांचं गिऱ्हाईक. अक्काने नेहमीप्रमाणे विचारलं. नाना म्हणाले, नाशिकहून मुलगी आली आहे, सोबत पाच वर्षांचा नातू आहे. अक्काने तुकडे बारीक केले. मी पिशवीत बोटं फिरवली, पण मागून लोक ओरडत होते, घाईत फिरवली.

मंगळवारी सकाळी नाना पुन्हा आले. पिशवी नव्हती. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि ओंडक्यावर उघडून ठेवली. आत नखाएवढा कपचा होता, दोन्हीकडून टोकदार. नातवाच्या घशात अडकला होता. पोराला श्वास घेता येईना, तोंडातून रक्त यायला लागलं. गाडी करून धुळ्याला आणलं, डॉक्टरांनी भूल देऊन काढला. नाना आवाज न चढवता म्हणाले, "अक्का, मी भांडाले उनू नही. फक्त दखाडाले उनू."

अक्काने कपच्याकडे पाहिलं. "पोऱ्या कसा शे?"

"घर लई गऊत. दूध पेस."

नाना गेले. अक्काने सत्तूर धुतला, पुसला, खुंटीला लावला. नऊ वाजले होते, अर्धा बोकड आकड्याला होता. तिने गनीभाईंना तो शेजारच्या दुकानात द्यायला सांगितला आणि मला म्हणाली, "चप्पल घाल."

आम्ही एसटीने सोनगीरला गेलो. नानांच्या घरी पोरगं खाटेवर बसून मोबाइलवर काहीतरी बघत होतं. त्याची आई दारात उभी राहिली, या म्हणाली नाही. अक्का उंबऱ्याबाहेरच थांबली. "बाई, चूक मनी शे," ती म्हणाली. "हात मना थरथर करस. ते माले माहित व्हतं, तरी मी कापं. गनीनी चूक नही, ह्या पोरनी नही."

मी मध्येच म्हणाले, "माझीही आहे. मी नीट—"

"तू उगी ऱ्हाय."

त्या बाईने आम्हा दोघींकडे बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. अक्काने पाणी घेतलं, डाव्या हाताने. पोरगं मान वर करून बघत होतं; अक्काने आत खाटेशी जाऊन त्याला तोंड उघडायला लावलं, वाकून पाहिलं आणि ती परत फिरली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. हायवे लागल्यावर तिने विचारलं,

"तुले कव्हयपासून माहित व्हतं?"

"दिवाळीपासून."

"मंग सांगं का नही?"

मला तिचं वाईट वाटत होतं, हे कसं सांगणार? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू येचत व्हती, म्हनीसन मी घाव मारतच ऱ्हायनी."

त्यात राग नव्हता. मी रागाची वाट पाहत होते; तो आला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला दुकानात आली, हात धुतले आणि तराजूपाशी स्टुलावर बसली. खुंटीवरच्या सत्तुराकडे बोट दाखवून मला म्हणाली, "धर." त्यानंतर तिने तो कधी उचलला नाही. ती गिऱ्हाइकाला विचारायची, मला सांगायची, मी कापायचे. पहिल्या आठवड्यात बरीच माणसं रांगेतून निघून गेली. एकाने तोंडावरच विचारलं, ही पोरगी कापणार का? अक्का म्हणाली, "मी कापं ते पोऱ्याना गयामा गयं. आते तू ठराव." तिने हे कोणापासून लपवलं नाही. विचारील त्याला सांगितलं, न विचारणाऱ्यालाही सांगितलं. काही परत आले, काही नाही आले. नाना पुढच्या होळीला आले.

पदवी हातात आल्यावर मला जळगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. पत्र आलं त्याच दुपारी मी अक्काला सांगितलं. वाट पाहिली नाही. तिने विचारलं, "कव्हय जानं शे?" मी म्हणाले, सोमवारी. ती म्हणाली, "मंग रईवार शेवटला." रविवारी मी बारा वाजेपर्यंत कापलं. मग दुकान कायमचं बंद झालं आणि गनीभाईंनी ओंडका घरी नेला. त्यांचे डोळे भरून आले होते. अक्का त्यांना दुकानाची पायरी सांभाळून उतरायला सांगत होती. पुढे ती नाशिकला मुलाकडे गेली आणि तीन वर्षांनी तिथेच वारली. मला दुसऱ्या दिवशी कळलं, त्यामुळे मी पोहोचू शकले नाही.

माझ्या मनात तिची शेवटची भेट राहिली आहे ती त्या सोमवारची. ती धुळ्याच्या स्टँडवर मला पोहोचवायला आली होती. बस हलली तेव्हा ती फलाटावर उजवा हात वर करून उभी होती. वळण येईपर्यंत तो हलत होता. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "आजीचा जीव आहे हो तुमच्यावर, केव्हाची हात हलवतेय." तो हात तिला थांबवता येत नव्हता, हे मला माहीत होतं. पण एवढ्या लोकांसमोर तो तिने पदराखालून बाहेर काढला होता, हेही मी पाहत होते.