शेजारच्या खुर्चीतली पैठणी

माझ्यासारख्या नवख्याने लिहिण्याचे धाडस करावे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. परवा नाट्यगृहात शेजारी एक आजी पैठणी नेसून बसल्या होत्या. त्यांची सून कुजबुजली, “आई, लग्नाला आलोय का आपण?”

“माझा लेक तिथं भिकाऱ्याच्या फाटक्या सदऱ्यात येणार,” आजी म्हणाल्या. “घरातलं कुणीतरी नीट दिसायला नको?”

पडदा उघडला. लेकाने प्रेक्षकांपुढे हात पसरला, तशी आजींनी शाल ओढून पदराची जर झाकून घेतली. थंडी वाजली असेल, की त्याच्यासमोर भरजरी बसणे जड गेले असेल? नटायचे कुणी, नटांनी की आपण प्रेक्षकांनी, हेच मला कळेनासे झाले. रविवारी पुन्हा नाटकाला जायचे आहे. मी काय घालून जावे?