परक्या देवापुढचा नारळ

आंब्याच्या मोसमात रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या बागांतून नेपाळी राखणदार असतात. दिवाळीनंतर येतात, पाऊस तोंडावर आला की जातात. आम्ही त्यांना सरसकट गुरखे म्हणतो आणि त्यांच्या बायकांना काहीच म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते. मग त्यांतली एक आमच्या केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रत्नागिरीत बायकांच्या एका सल्ला केंद्रात बसू लागले होते. तिच्या कानामागे रक्त सुकलं होतं, कडेवर चार वर्षांची मुलगी होती. नवऱ्याबद्दल ती फारसं बोललीच नाही. तिचं मागणं एकच होतं, "ताई, मला आईकडे पाठव." तिची आणि मुलीची कागदपत्रं नवऱ्याच्या ट्रंकेत कुलपात होती. त्यांच्याशिवाय निघायची तिला भीती वाटत होती.

आठ दिवस दोघी माझ्या घरी राहिल्या. घरात रेंज नाही, म्हणून संध्याकाळी आम्ही मागच्या सड्यावर, उंचावरच्या उघड्या कातळावर जायचो. तिचा फोन नवऱ्याने फोडला होता. माझ्या फोनवरून ती आईशी बोलायची. आई "छोरी?" अशी हाक मारून सुरुवात करायची आणि ही खूप हसायची. फोन परत देताना मात्र डोळे पुसायची. "आईला सांगितलं, इकडे आंबे छान आहेत."

मुलीला मी मराठी आकडे शिकवले. पाचच्या पुढे ती जाईना, आणि मला काही घाई नव्हती. माझी लेक परदेशी असते. कित्येक वर्षांनी कुणी माझा पदर मुठीत धरून झोपत होतं.

मग ज्याच्या बागेत तिचा नवरा राखणीला होता, तो बागायतदार आला. माणूस वाईट नव्हता, पण ऐन मोसमात त्याला भांडण मिटवून हवं होतं. म्हणाला, "देवळात गाऱ्हाणं घालू या. देवाच्या पुढ्यात नारळ ठेवलान् का परत हात नाय उचलायचा तो."

मी हो म्हटलं. वर्गात विज्ञान शिकवणारी मी! पण आम्ही कोकणातली माणसं. कोर्टात बेधडक खोटं बोलू, ग्रामदेवतेपुढे बोलायला आमची जीभ वळत नाही. गुरवाने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत राहिलो. नवऱ्याने नारळ ठेवला, पुन्हा मारणार नाही अशी शपथ घेतली. मी पदराने डोळे टिपले.

ती कोरड्या डोळ्यांनी उभी होती. पायऱ्या उतरताना हळूच म्हणाली, "ताई, हा देव तुझा. माझा नवरा याला ओळखत पण नाही."

मला राग आला. "असं बोलू नये," मी तिला दटावलं. आणि तिची पिशवी माझ्याच हाताने उचलून मी त्या दोघींना बागेत सोडून आले. आईकडे पाठव म्हणणाऱ्या बाईच्या हातावर मी नारळाचा प्रसाद ठेवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी बागायतदाराचा फोन आला. "बाय, ती गेली वो. ट्रंकेचा कुलूप फोडलान्, पोरीला घेतलान् नि गेली." नवऱ्याने तिसऱ्याच दिवशी तिला पुन्हा मारलं होतं, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं. बागेपासून माझं घर एसटीने पाऊण तासावर. त्या दिवसांत ती एकदाही माझ्याकडे आली नाही. का येईल? एकदा आली होती, तर मी परत नेऊन घातली.

तिच्या आईचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तो लावायला हात धजेना. पोरगी पोचलीच नसेल तर त्या म्हातारीला ते माझ्या तोंडून कळायचं? वीस दिवस मी रोज सड्यावर जायचे, नंबर बघायचे आणि परत यायचे. घरात तिने घासून ठेवलेला तांब्या तसाच चकचकीत होता. मी तो वापरत नव्हते.

शेवटी एका दुपारी सड्यावर जाऊन लावला. म्हातारीने उचलला. मला त्यांच्या भाषेतला एकच शब्द येत होता. मी विचारलं, "छोरी?"

"आइपुगी, आइपुगी," ती म्हणाली. मला काही उमगेना. इतक्यात मागून बारीक आवाज आला. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि पुन्हा एक. मी मटकन त्या तापलेल्या कातळावर बसले.

पलीकडे फोन कुणाच्या तरी हातात दिला गेला. "ताई बोलतेय गं," मी म्हटलं. नुसता श्वास ऐकू येत होता. "चुकलं माझं," मी म्हटलं. तरी श्वासच. मग फोन बंद झाला.

ती पोचली होती. मला एवढंच तर हवं होतं, असं मी स्वतःला बजावत घरी आले. पण खरं सांगते, एवढंच नको होतं मला. तिच्या तोंडून एकदा 'ताई' हवं होतं.