गौरीजवळची एक दुपार

तुमच्या घरच्या गौरींना साडी कोण नेसवतं, आणि संध्याकाळी हळदीकुंकू सुरू झालं की ती बाई कुठे असते? आमच्याकडे ती स्वयंपाकघरात असायची. शालिनीकाकू, कोपरच्या इमारतीत आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या. दीड महिन्यापूर्वी मी आंबिवलीला पत्रकं वाटायला गेलेले, तेव्हा आईचा फोन आला. "शालिनीताई गेल्या गं... दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." पत्रकं विधवांच्या मानाबद्दलच होती. ती पिशवीत कोंबली आणि निघाले.

इमारतीतल्या पाच घरांच्या गौरी काकू उभ्या करायच्या. लोखंडी स्टँडला जुन्या टॉवेलांच्या घड्या बांधून खांदे करायचे, मग काठपदराची साडी. टाचण्या ओठांत धरून बोलायच्या, "अगं, निऱ्या कमरेवर बसव, पोटावर नको. बाई आहे ती, बाहुली नाही." माझी जीन्स बघून म्हणायच्या, "तुझं बरंय, दोन पाय घातले की झालं!" काका वारले त्या वर्षीही पाचही घरांतून बोलावणं आलं, पण फक्त साडीसाठी. ओटी भरायची, कुंकू लावायचं ते इतरांनी. काकू आत जाऊन विडे लावत बसायच्या. ज्या हातांनी गौर सजवली त्याच हातांचं कुंकू कपाळाला चालत नाही, हा कुठला धर्म? मला संताप यायचा, आणि अजूनही येतो.

तीन वर्षांपूर्वी पूजनाच्या संध्याकाळी बायका जमल्या होत्या. मी आत गेले, काकूंना हाताला धरून बाहेर आणलं आणि त्यांच्या हातात करंडा दिला. म्हटलं, "आज पहिलं कुंकू काकू लावणार." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी बोलत सुटले... रूढी, गुलामगिरी, सगळं. काकू करंडा धरून उभ्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. "भाषण झालं का गं? गॅसवर भाजी आहे माझी." त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या. आई कपाळ पुढे करायला उठेपर्यंत काकूंनी करंडा खाली ठेवला होता. पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं.

"काकू, तुम्ही कशाला लाजता? लाज त्यांना वाटायला हवी."

"बरोबर बोललीस तू. पण मला विचारलंस का?" त्या हळू म्हणाल्या. "वर्षातली एक दुपार गौरीजवळ मिळायची मला. आता तीही जाईल बघ."

आणि गेली. पुढच्या वर्षी पाचही घरांत शिवलेल्या तयार साड्या आल्या, चेन ओढली की झालं. आमच्या घरीसुद्धा. "पुन्हा तमाशा नको, त्यांनाच त्रास होतो," आई म्हणाली. मी काय केलं? त्या दिवशी विठ्ठलवाडीला याच विषयावर बोलायला गेले. समोरचं दार वाजवायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. दोन वर्षं काकू गौरीच्या दिवसांत दार लावून बसल्या. मला वाटायचं, पुढच्या वर्षी बघू... पुढचं वर्ष त्यांना नव्हतं.

पत्रकांत मी लिहिलेला एकही शब्द मागे घेत नाही. ही रूढी क्रूर आहे आणि उठून गेलेल्या बायका चुकल्याच. पण एका जिवंत बाईला मी माझ्या पत्रकातलं उदाहरण केलं आणि मग तिला दाराआड एकटं सोडलं. हे आता कुठल्याच सभेत दुरुस्त होणार नाही.

तुमच्या शेजारी अशी कुणी असेल तर गौरी यायच्या आधी तिच्या घरी जा. भाषण करू नका. तिला काय आवडेल ते विचारा, आणि ती म्हणेल तेवढंच करा. ती आली, तर पहिलं कुंकू तिच्या हातून स्वतःच्या कपाळावर लावून घ्या. कुणी उठून गेलं तर जाऊ द्या. तुम्ही तिच्याजवळ बसून राहा.