एका बोर्डापुरता मागितलेला चेहरा

अन्याय झाला तो गोदावरी खोडके यांच्यावर. राहणार केनवड, धंदा भाजीपाला, स्वतःच्या मळ्यातला. कधी झाला, तेही सांगते. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवडी बाजाराला, सकाळी, भाजीच्या गाड्या उतरत असताना. रिसोडच्या बाजारात त्या बसतात त्या जागेसमोरच एक नवा बोर्ड लागला होता आणि त्या बोर्डावर त्यांचा चेहरा होता. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'खोकला जात नाही? कफातून रक्त पडतं? टीबी असू शकतो.'

गोदामावशींना टीबी नाही. कधीच नव्हता.

मी पोचले तेव्हा मावशी मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. एक गिऱ्हाईक बाई आली. जुडी उचलली, देठ मोडून पाहिला. मग वर बोर्ड पाहिला, मग मावशींकडे, मग पुन्हा बोर्ड. जुडी खाली ठेवली आणि हात पदराला पुसत पुढे गेली. तिनं हात पुसले ते मी पाहिलं. मावशींनीही पाहिलं.

"पोरी, तू त फ्लेक्सच्या दुकानात असतं न?"

"हो मावशी."

"मले वाचता येते. वाचलं म्या. तुमच्या दुकानातला हाय का तो, तेवढं सांग."

बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, छापणाऱ्या दुकानाचं नाव असतं. आमचंच होतं.

मी डिझायनर आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुकानाचं उद्घाटन, बियाण्याची जाहिरात, श्रद्धांजली, सगळं कॉम्प्युटरवर मांडून फ्लेक्सवर छापायला देणं हे माझं काम. आणि तो फोटो मीच काढलेला होता. त्याआधीच्या उन्हाळ्यात भाजीवाल्या बायकांच्या गटाला बाजारात लावायला बोर्ड हवा होता, 'आमच्या मळ्यातली ताजी भाजी'. मावशी कॅमेऱ्यासमोर आधार कार्डाला बसल्यासारख्या ताठ बसलेल्या. शेजारची भाजीवाली ओरडली, "गोदे, भाव वाढवजो व आता, फोटो निघून राह्यला तुहा!" मावशींना हसू फुटलं. आपल्याकडच्या बाया हसतात तसं, पदराचं टोक तोंडावर धरून, डोळे बारीक करून. मी तेवढ्यात क्लिक केलं. फोटो दाखवला आणि विचारलं, "हा लावू?"

"लाव बाप्पा. दात त दिसून नाई राह्यले न?"

परवानगी होती ती त्या एका बोर्डाची.

आता हसू खोकल्यात कसं बदलतं ते सांगते, कारण वाचणाऱ्यांना वाटतं यात काहीतरी मोठी जादू असते. प्रत्येक फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर 'जनरल' नावाचं एक फोल्डर असतं. शेतकरी, म्हातारा, शाळकरी पोरगी, हात जोडलेली बाई, जे जे फोटो कधी कामाला आले ते सगळे त्यात. कोणाचे, कुठले, माहीत नाही. दुकानवाले ते एकमेकांना देतात. मावशींचा फोटो त्यात गेला. तिथून उचलला आणि त्याचं कटिंग केलं, म्हणजे मागचा बाजार आणि पुढचा मेथीचा ढीग कापून फक्त माणूस ठेवलं. वरून निळा रंग चढवला. दवाखान्याच्या जाहिरातीला निळाच लागतो. मेथी गेली, ऊन गेलं, शेजारीण गेली. उरली तोंडावर पदर दाबून डोळे मिटत आलेली एक निळी बाई. एकही रेघ खोटी काढावी लागली नाही.

मी दुकानात गेले. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो.

"भाऊ, तो खोकल्याचा बोर्ड कोणी केला?"

"म्याच केला. डॉक्टर लय खूश हाय. इंटरनेटवरचे फोटो गोरे गोरे दिसतेत, ते म्हणे गावचं माणूस पाह्यजे."

"ती बाई त्या फोटोत हसून राह्यली होती."

"हासत काय अन् खोकलत काय, पदर त तोंडालेच हाय न!"

"तिला विचारलं होतं?"

"आपल्या दुकानाचा फोटो. त्यात इचाराचं काय? फुकटात फेमस झाली बाई."

"मग उद्या तुमचा फोटो मूळव्याधीच्या बोर्डावर टाकते. चौकात लावू. फुकटात."

भाऊ हसले नाहीत. "पत्रकं वाटू वाटू डोस्कं फिरलं तुहं," म्हणाले आणि मशीनकडे वळले.

पत्रकं मी कॉलेजपासून लिहिते, वाटते. त्यातून एवढं कळलं होतं की मालक ऐकत नसेल तर मालकाच्या गिऱ्हाइकाकडे जायचं. बोर्ड एका खासगी दवाखान्याच्या टीबी तपासणी शिबिराचा होता. मावशींना घेऊन मी त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि समजावलं, "हे पहा बाई, टीबी लपवायचा आजार नाही. औषधानं बरा होतो. यात लाज कसली?"

"लाज नाई न, डॉक्टरसाहेब?"

"अजिबात नाही."

"मंग तुमच्या मंडळीचा फोटो लावा."

डॉक्टरांनी दुकानाचा नंबर मागितला. टीबीत लाज नाही हे मीही पत्रकात लिहिलेलं आहे आणि पुन्हा लिहीन. पण ते लोकांना पटवायचं तर स्वतःचं तोंड पुढे करा. बाजारात बसणाऱ्या बाईचं तोंड न विचारता उचलायचं आणि लोक तिच्या भाजीला हात लावेनासे झाले, की तिलाच समजावायचं, यात लाज कसली!

डॉक्टरांनी दुकानात फोन केला. रिसोडचा बोर्ड त्याच दिवशी उतरला. पाठोपाठ केनवडचा, मेडशीच्या एसटी थांब्यावरचा, जिथे जिथे शिबिर होतं तिथले सगळे. मला वाटलं, जिंकलो. मी उत्साहानं मावशींकडे गेले. म्हटलं, आता नवा बोर्ड करू. तुमचा हसरा फोटो, मेथीसकट, आणि खाली स्पष्ट लिहू की आधीचा बोर्ड चुकीचा होता, यांना कुठलाही आजार नाही. डिझाइन मोबाइलवर तयारच होतं.

मावशींनी पाहिलं. मोबाइल परत दिला.

"नको पोरी. जे इसरले, त्यायलेही आठवन."

डिझायनरला हे कोणी शिकवत नाही. चुकलेल्या बोर्डावर आम्हाला एकच उपाय येतो, दुसरा बोर्ड.

खरं तर पुढचं मला आधीच सुचायला हवं होतं, कारण मी याच भागात वाढले. उतरवलेले बोर्ड दुकानात परत आले तेव्हा नुसत्या लोखंडी फ्रेम आल्या. फ्लेक्स नव्हतं. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकचा जाड कपडा. सडत नाही, पाणी धरत नाही. आपल्याकडे तो कोणी फेकत नाही. सोयाबीनच्या ढिगावर, तुरीच्या गंजीवर, गोठ्याच्या कुडाला, न्हाणीच्या आडोशाला, सगळीकडे जुनं फ्लेक्स. उमेदवार पडतो, त्याच्या चेहऱ्याखाली बकऱ्या निवांत बसतात. आपण हसतो. उमेदवारानं स्वतःहून चेहरा दिलेला असतो. मावशींनी दिला नव्हता.

मावशींची मुलगी इंझोरीला दिलेली आहे. तूर निघाल्यावर मावशी लेकीकडे गेल्या. लेकीच्या शेजाऱ्याच्या गोठ्यावर निळं फ्लेक्स ताणलं होतं. चेहरा रस्त्याकडे, अक्षरं अर्धी दुमडलेली, 'टीबी' तेवढं वर. लेकीच्या सासूनं चहा पुढे ठेवला, मावशींसाठी कप वेगळा. आणि म्हणाली, "इहीणबाई, तुमी बिमार होत्या त सांगितलं काहून नाई? पोरीले इचारलं त रडून राह्यली नुसती."

मावशी चहा न पिता उठल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, हेही लिहून ठेवते. त्या फक्त म्हणाल्या, "तो गोठेवाला म्हणे, बाई, चांगलं फ्लेक्स हाय, कायले काढू? त्याचं काय चुकलं? त्याले त छत पाह्यजे."

मावशी आता बाजारात बसत नाहीत. त्यांची मेथी, त्यांची वांगी व्यापारी मळ्यातून उचलतो, तो म्हणेल त्या भावानं. भाजी तीच आहे. ती कोणाच्या हातची, हे तेवढं गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून ती विकते.

मी 'जनरल' फोल्डर डिलीट केलं. भाऊंनी शेजारच्या दुकानातून पेनड्राइव्हवर पुन्हा आणलं, संध्याकाळच्या आत. मावशींचा फोटो त्यातही होता. भाऊंच्या दुकानातलं काम मी सोडलं. आता घरूनच काम करते, कमी मिळतं.

जे डिझायनर हे वाचत असतील त्यांना माझ्या कामाच्या सवयी सांगते. मी फोटोच्या फाइलला माणसाचं नाव आणि गाव देते. नाव दिसलं की हात जरा थांबतो. फोटो दुसऱ्या कामाला लावायचा तर पुन्हा जाऊन विचारते, आणि तोंडी नाही, डिझाइन दाखवून. कटिंग करताना जे कापलं ते शेजारी ठेवून पाहते, की त्याच्याशिवाय हा माणूस वेगळंच काही सांगतो आहे का. आजाराच्या बोर्डावर चेहरा लावतच नाही. औषधाची गोळी लावते, थर्मामीटर लावते, चित्र काढते. गिऱ्हाईक कुरकुर करतं. करू द्या. आणि बोर्ड उतरला की फ्रेमसोबत फ्लेक्स परत मागते. यातलं एकही गोदामावशींच्या कामाला आलं नाही.

म्हणून मागणी डिझायनरांकडे नाही, तुमच्याकडे आहे. हे वाचून झालं की बाहेर या आणि तुमच्या गोठ्यावर, गंजीवर, न्हाणीवर पाहा. निळं फ्लेक्स, तोंडाला पदर लावलेली बाई. उलटं करून भागणार नाही, वारा ते पुन्हा सुलटं करतो. वर चढा आणि तेवढा चेहरा कात्रीनं कापून काढा. भोक पडेल. पडू द्या. छत गळायला लागलं तर मला सांगा, नवं कोरं पांढरं फ्लेक्स मी आणून देते, कोणाचंही तोंड नसलेलं. पण चढा आजच.